दुर्बिणीच्या काचेवरचे थेंब

क्लेमंट पिलिंजरला राग आला की तो किटली घासतो.

हसू नका, ऐका आधी. थॉर्लीसारख्या विलायती गावात राग आला तर माणसानं काय करायचं? ओरडायचं? ओरडतात ते फक्त कुत्र्यांवर, आणि तेही नाव घेऊन, आदबीनं. बाकी सगळा राग घरी आणायचा आणि किटलीवर काढायचा. त्या भागातलं पाणी जड, किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. क्लेमंट तो थर चमच्याच्या टोकानं खरवडत बसतो. त्याची बायको डॉरीन वरच्या खोलीत शिवण घेऊन बसलेली असते आणि नुसत्या आवाजावरून सांगते, आज पोस्टात काहीतरी झालंय, आज कौन्सिलमध्ये काहीतरी झालंय. तर त्या जूनमधल्या सकाळी किटली अशी काही खरवडली जात होती की डॉरीन सुई खाली ठेवून उतरून आली.

झालं होतं असं, की पोस्टाच्या रांगेत त्याच्या पुढे मर्व्हिन स्टॅब्ज उभा होता.

स्टॅब्ज म्हणजे जिल्ह्याच्या पक्षी-नोंद समितीचा चिटणीस. उंच, वाळका, आणि बोलताना पूर्ण वळतसुद्धा नाही, नुसता कान वळवतो. खाडीच्या पलीकडच्या काठावर राहतो. आता हे तिकडचं एक आहे बघा, पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाची एक हद्द असते. कागदावर कुठेच नाही, पण सगळ्यांना ठाऊक. अलीकडचा बांध क्लेमंटचा, पलीकडचा स्टॅब्जचा. भूगोलाचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून क्लेमंट रोज भरतीची वेळ बघून बांधावर जाणार. हिवाळ्यात कलहंस आले का, शरदात टिलवे किती, उन्हाळ्यात कोण राहिलं, कोण गेलं. ऊन, वारा, गारा, काही असो. लग्नाच्या वाढदिवशीसुद्धा. डॉरीनला विचारा.

आणि मे महिन्यात, भर पावसात, त्याच्या हद्दीत टेरेक तुतवार उतरला होता. वर वळलेल्या चोचीचा. आपल्याकडे शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात हा दिसतो आणि आपण वडापाव खात पुढे जातो. तिकडे तो चुकून एखादा वाट चुकला तरच येतो आणि माणसं ऑफिसातून पोट दुखतंय सांगून धावतात. क्लेमंटनं तो पाहिला, एकट्यानं पाहिला, डोळे भरून पाहिला, आणि नियमाप्रमाणे समितीला कळवला.

स्टॅब्जनं रांगेत उभ्या उभ्या कान वळवला आणि म्हणाला, "तुमचा तो तुतवार, पिलिंजर. समितीला नाही पटला. एकटेच होतात ना. आणि पाऊस. काचेवर थेंब असले की चोच वाकडी दिसते."

म्हणजे काय, कळलं का? म्हणजे तू खोटारडा आहेस. तिकडे असं तोंडावर म्हणत नाहीत, काचेला म्हणतात. आणि क्लेमंट काय म्हणाला? तो म्हणाला, "अच्छा. थँक्यू."

थँक्यू! चिडला तो स्टॅब्जवर नाहीच आधी, त्या थँक्यूवर चिडला. घरी येईपर्यंत त्याला निदान सतरा उत्तरं सुचली, एकाहून एक जहाल. आणि घ्यायला गेला होता पोस्टाची तिकिटं, घेऊन आला मोजे, तिकडे पोस्टात तेही मिळतात.

"मग आता?" डॉरीननं विचारलं.

"छप्पर," क्लेमंट म्हणाला. "लपण बांधतो बांधावर, लपून पक्षी बघायला. लाकडी. समोर झडपा, आत बाक. छप्पर असलं की थेंब नाहीत. थेंब नसले की बघतो स्टॅब्ज काय बोलतो ते. तो पक्षी परत येईल. एकदा आलेला पुढच्या मेमध्ये त्याच वाटेनं येऊ शकतो."

एवढीच इच्छा होती हो माणसाची. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून कोणीतरी मान्य करावं. पण त्यासाठी गावाला विचारावं लागतं, आणि गावाला विचारलं की गाव सांगतं.

शेजारची बेरिल क्रंप कुंपणावरून म्हणाली की लपण आभाळी रंगाचं असावं, म्हणजे पक्ष्यांना वाटेल आभाळच आहे. तिथलं आभाळ वर्षातले दहा महिने राखाडी असतं हे तिला सांगून उपयोग नव्हता. भाजीचा वाफा करणारा आर्थर म्हणाला, तोंड दक्षिणेला ठेव, संधिवाताला बरं. खाडी उत्तरेला होती. कुत्रेवाल्या मिसेस फॅन्शॉनी विचारलं, आत कुत्र्यांना पाण्याचं भांडं ठेवणार ना? या बाईचा मेजर नावाचा कुत्रा रोज चिखलात घुसून क्लेमंटचे पक्षी उडवतो, आणि क्लेमंट रोज तिला कायदा ऐकवतो. पक्ष्यांना त्रास देणं गुन्हा आहे, मिसेस फॅन्शॉ. घरट्याच्या जवळ जाणं गुन्हा आहे, मिसेस फॅन्शॉ. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग गावची कौन्सिल. लपण ही इमारत की बाक, यावर त्यांनी उन्हाळा घालवला. इमारत म्हटलं तर आर्किटेक्ट हवा, बाक म्हटलं तर बाकावर कोणा मेलेल्या माणसाचं नाव हवं, कारण गावातल्या प्रत्येक बाकावर आहे. क्लेमंट म्हणाला, मी अजून जिवंत आहे. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, हो, तीच तर अडचण आहे. शेवटी कोणीतरी शोधून काढलं की बसच्या निवाऱ्यासाठी कौन्सिलचा आयता ठराव आहे. टाळ्या. क्लेमंटचं लपण बसचा निवारा म्हणून मंजूर झालं.

आता बांधावर रस्ता नाही, बस कुठून येणार? पण ठराव म्हणजे ठराव. लपण उभं राहिलं त्याच आठवड्यात कौन्सिलचा माणूस येऊन भिंतीला वेळापत्रकाची चौकट ठोकून गेला. आणि रविवारी क्लेमंट जाऊन बघतो तर आत एक म्हातारं जोडपं, पिशव्या मांडीवर घेऊन, खाडीकडे तोंड करून बसलेलं. क्लेमंट मागे उभा. उठा म्हणायची हिंमत नाही, तिकडे कोणी म्हणतच नाही. तो वाऱ्यात उभा राहिला आणि ती दोघं बसची वाट बघत बसली. जाताना बाई म्हणाल्या, सेवा फार घसरली आहे. क्लेमंटनं माफी मागितली. त्यानंच!

त्याच्या आधी बांधखात्याचं एक प्रकरण झालं होतंच. खात्याचा साहेब म्हणाला, बांधात खुंटी मारायची नाही, बांध कमकुवत होतो. क्लेमंट म्हणाला, बरं, नुसतं ठेवतो. साहेब म्हणाला, नुसतं ठेवायचं नाही, वाऱ्यानं हललं तर धोका. रुतवलेलं नको आणि हलणारंही नको, मग कसं ठेवू, असं क्लेमंटनं अगदी नम्रपणे विचारलं. साहेब म्हणाला, ते तुम्ही बघा. त्यानं बघितलं. जाड लाकडी ओंडक्यांवर लपण ठेवलं, कडेला वाळूची पोती रचली, आणि दोन्ही नियम पाळल्याचं समाधान घेऊन घरी आला.

सप्टेंबरच्या मोठ्या भरतीनं लपण उचललं.

अगदी अलगद. पोती फुटली, ओंडके तरंगले, आणि त्यांच्यावर बसून ते सगळं, वेळापत्रकासकट, खाडी ओलांडून गेलं. सकाळी क्लेमंट बांधावर येतो तर समोर रिकामी जागा. त्यानं दुर्बीण लावली. पलीकडच्या काठावर, स्टॅब्जच्या हद्दीत, त्याचं लपण. सरळ उभं. झडप उघडी. आणि झडपेत स्टॅब्ज, थर्मासातून चहा ओतत, दुर्बिणीतून इकडेच बघत.

दोघांनी एकमेकांना दुर्बिणीतून बघितलं. मग स्टॅब्जनं हात हलवला. आणि क्लेमंटनं, विचार करा, क्लेमंटनंही हलवला.

पूल खाडीच्या पार वरच्या टोकाला आहे, वळसा घालून जाईपर्यंत क्लेमंटनं गाडीत बसून जे काही म्हटलं ते डॉरीननं मला सांगितलं नाही, नुसती मान हलवली. पोचला तेव्हा स्टॅब्जनं आत कोट टांगला होता. म्हणाला, "भरतीनं आणलं. मला वाटलं जिल्ह्यानं पाठवलं असेल. छान आहे. झडपा तेवढ्या कुरकुरतात, तेल द्या."

"देतो," क्लेमंट म्हणाला. "थँक्यू."

ट्रॅक्टर आणला, तो रुतला. तो काढायला दुसरा आणला, त्याच्या शेतकऱ्यानं वाटेत कलहंस आपलं गव्हाचं पीक कसं खातात याचं व्याख्यान दिलं आणि क्लेमंटकडे असं बघितलं जणू त्यानंच ते बोलावलेत. लपण सुटं करून आणावं लागलं. परत जोडताना एक भिंत उलटी लागली, म्हणजे वेळापत्रक बाहेरून आत आलं. तेवढंच बरं झालं, बसची वाट बघणारे येईनासे झाले. जानेवारीच्या गारठ्यात, समोर हजारो कलहंस कुरकुरताहेत आणि हा वर बघतसुद्धा नाही, बोटं निळी करून स्क्रू पिळतोय. पक्षी बघायला म्हणून काढलेल्या खटाटोपात त्या वर्षी त्यानं पक्षीच बघितले नाहीत. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा किटलीला नवीन तळ घ्यायची वेळ आली होती.

पण एप्रिलमध्ये लपण झालं. या खेपेला साखळदंडानं, चारी बाजूंनी, बांधखात्याकडे पाठ करून. लाकूड कुजू नये म्हणून डांबरी रंग दिला, त्याचा वास डोक्यात जाई. बेरिल कुंपणावरून म्हणाली, "झडपा उघड्या ठेव की चार दिवस. वास जाईल."

आयुष्यात पहिल्यांदा क्लेमंटनं बेरिलचं ऐकलं.

चार दिवसांनी तो खुर्चीची उशी आणि थर्मास घेऊन गेला. दार उघडलं. वास गेला होता. आतून सर्रकन काहीतरी त्याच्या कानावरून बाहेर गेलं. त्यानं वर पाहिलं. बरोब्बर त्याच्या बसायच्या जागेवर, आढ्याच्या वाशाला, ओला चिखल. दोन-तीन चोचींएवढा. अंगठ्याच्या नखाएवढा म्हणा.

भिंगरी. चिखलाचं घरटं बांधणारं पाखरू. आफ्रिकेहून निघालेली, वाळवंट ओलांडून, समुद्र ओलांडून, वाटेत लाखो वासे, गोठे, देवळांचे माळे सोडून ही बाई इथे आली. क्लेमंटच्या उशीच्या वर.

त्याच्या खिशात रंग खरवडायची पट्टी होती. बांधावर कोणी नव्हतं. मिसेस फॅन्शॉ नाही, स्टॅब्ज नाही. एक हात वर केला असता, एकदा खर्रकन, आणि वर्षभराची मेहनत वाचली असती. मे महिना तोंडावर आलेला. तो पट्टी हातात घेऊन उभा राहिला. बराच वेळ. भिंगरी झडपेतून आत आली, त्याला बघून परत फिरली, परत आली. चोचीत चिखल होता तिच्या. ठेवायला जागा मागत होती आणि हा मध्ये उभा.

तो बाहेर आला आणि दाराला कुलूप घातलं.

"अंडी घातलीत का?" घरी सगळं ऐकून डॉरीननं विचारलं.

"नाही."

"मग?"

"बांधायला घेतलं की घरटं. कायदा तसाच आहे. झडपा बंद करता येणार नाहीत आणि आत जाता येणार नाही. पिल्लं उडेपर्यंत. मग त्या दुसऱ्यांदा घालतात. सप्टेंबर धर."

"किती चिखल आहे?"

क्लेमंटनं नख दाखवलं. डॉरीननं नखाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मी काढते. मला कायदा माहीत नाही."

"आता माहीत आहे," तो म्हणाला आणि किटलीकडे वळला.

आता उद्घाटन ठरलेलं. अध्यक्षीणबाईंनी नवी हॅट घेतलेली, सँडविच सांगितलेली, त्यामुळे ते रद्द होणं शक्य नव्हतं. मे महिन्यातल्या दुपारी सगळं गाव बांधावर जमलं आणि रिमझिम सुरू झाली. कुलूपबंद दारावर फीत बांधली. अध्यक्षीणबाईंनी ती कापली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळे त्या बंद दाराकडे बघत ओली सँडविच खात उभे राहिले. भिंगऱ्या मात्र झडपांतून आरामात आत-बाहेर करत होत्या. मिसेस फॅन्शॉ मेजरला घेऊन आल्या होत्या, पट्ट्याला बांधून, आणि जो भेटेल त्याला सांगत होत्या की घरट्याच्या जवळ जाणं गुन्हा आहे. क्लेमंटकडे बघून.

स्टॅब्जही आला होता, पूल ओलांडून. भाषण वगैरे झाल्यावर त्यानं कान वळवला. "कायद्यानं वागलात, पिलिंजर. चांगलं केलंत."

झालं? वर्षभरात क्लेमंटला इतका राग कशाचाच आला नसेल. ट्रॅक्टरचा नाही, बसचा नाही. ज्याच्या तोंडावर पुरावा फेकायला हे सगळं बांधलं, तो पाठ थोपटत होता.

पाऊस वाढला तसे लोक पांगले. राहिले दोघं. क्लेमंट राहिला कारण भरती ओसरत होती आणि ही त्याची वेळ होती. स्टॅब्ज का राहिला कोण जाणे. दोघं वळचणीला टेकून उभे, छपराची कड वीतभर, तिचं सगळं पाणी दोघांच्या कॉलरमध्ये.

आणि तो आला.

लपणाच्या बरोब्बर समोर, आतल्या बाकावरून सगळ्यात छान दिसलं असतं तिथे. टिलव्यांच्या घोळक्यातून एकटाच धावत सुटला, बस चुकत असल्यासारखा, वाकून, इकडे एक, तिकडे एक टोचा. आखूड पाय. आणि ती चोच. वर वळलेली.

दोन्ही दुर्बिणी एकदम वर गेल्या. कोणी श्वास घेईना.

"पिलिंजर," स्टॅब्ज म्हणाला. आवाज बदललेला. आणि या खेपेला तो पूर्ण वळला होता. "टेरेक."

आता बघा. इथे क्लेमंटनं काय म्हणायचं होतं? "हो." बास. दोन माणसं, त्यातला एक खुद्द चिटणीस, नोंद पक्की, त्याच्या हद्दीत, त्याच्या नावावर. त्यासाठीच तर सगळं. तोंड उघडलं तेव्हा त्यालाही वाटलं आपण हो म्हणणार आहोत. पण ते पोस्टातलं थँक्यू, ते खाडीवरचं हात हलवणं, ते सगळं थँक्यू-थँक्यू घशाशी येऊन बसलं होतं, आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"तुमच्या काचेवर थेंब आहेत, स्टॅब्ज."

पक्षी उडाला. लांबून मेजरचं भुंकणं ऐकू आलं, पण त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

स्टॅब्जनं दुर्बीण खाली घेतली. काचेकडे बघितलं. रुमाल काढला, पुसली. "बरोबर आहे," म्हणाला, आणि बांधावरून चालायला लागला.

त्या रात्री डॉरीननं जेवणं उरकली. मग ताट उचलता उचलता म्हणाली, "एक हो म्हणायला काय झालं होतं रे?" क्लेमंटनं किटली घेतली, पण चमचा लावायला तिच्या तळाशी काही उरलंच नव्हतं.

पुढे काय झालं असेल? तुम्ही म्हणाल स्टॅब्जनं प्रकरण दाबलं. मीही तेच म्हटलं होतं. पण तो माणूस तसा नाही, हीच तर त्याची कटकट आहे. त्यानं स्वतःची नोंद समितीपुढे ठेवली, आणि पाऊस होता हे सांगितलं, आणि सोबतच्या निरीक्षकानं काचेवरच्या थेंबांबद्दल शंका काढली हेही सांगितलं. तिथे रीत अशी, की स्वतःच्या नोंदीवर बोलणं चालू असताना आपण खोलीबाहेर जाऊन उभं राहायचं. चिटणीस असलात तरी. दारापलीकडून हसण्याचा आवाज येतो, आणि तो कशाचा हे विचारता येत नाही.

जूनमधल्या सकाळी पिलिंजरांच्या दाराची घंटा वाजली. स्टॅब्ज. इतक्या वर्षांत तो या दारात कधी आला नव्हता. टोपी हातात, गाल पांढरेफटक.

"नाही पटला त्यांना," तो म्हणाला.

क्लेमंट दारात उभा. हसायचं होतं हो त्याला, वर्षभर याचीच तयारी होती. पण स्टॅब्ज पुढे बोलत होता. "म्हणाले, काचेवर थेंब असले की चोच वाकडी दिसते. मला. मला सांगतात."

"कोण म्हणालं?" क्लेमंट म्हणाला. आणि त्याचा आवाज असा चढला की कुंपणापलीकडे बेरिलनं कात्री खाली ठेवली. "त्यांच्यातल्या एकानं तरी पाहिलाय का तो पक्षी? धावताना पाहिलाय? खोलीत बसून थेंब मोजतात, गाढवं साली. मी होतो ना तिथे. मी पाहिलाय. तुम्ही पाहिलाय. चोच वरच होती, स्टॅब्ज."

स्टॅब्ज टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुमचा मागच्या वर्षीचा. पाय कसे होते?"

"पिवळे. नारिंगीकडे झुकलेले."

"आखूड?"

"आखूड."

स्टॅब्जनं मान हलवली. "मग तोच," तो म्हणाला. "तोच होता." आणि मग, "तुमचं स्वयंपाकघर कुठे आहे, पिलिंजर?"

डॉरीन वर शिवत बसली होती. खालून किटलीचा आवाज आला. ती ऐकत राहिली, कारण इतकी वर्षं ऐकून तिला नवऱ्याचा हात पाठ होता, आणि हा हात त्याचा नव्हता. फार जोरात घासत होता.